कम अँड सी (चित्रपट)

'कम अँड सी' (मूळ रशियन नाव : 'इदी इ स्मोत्री', अर्थ : 'ये आणि पहा') हा एलेम क्लिमोव्ह यांनी दिग्दर्शित केलेला सोव्हिएत युद्धपट आहे. तो १९८५ साली प्रदर्शित झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या ताब्यात गेलेल्या बेलारूसमध्ये हे कथानक १९४३ साली घडते. फ्ल्योरा नावाचा एक खेडवळ मुलगा पार्टिझन सैनिकांत, म्हणजे जंगलात राहून जर्मनांशी लढणाऱ्या गनिमी तुकडीत, दाखल होतो आणि पुढच्या थोड्याच दिवसांत त्याच्या डोळ्यांदेखत त्याचे सारे जग जळून जाते. क्लिमोव्ह आणि बेलारूसी लेखक अलेस अदामोविच यांनी पटकथा लिहिली. मॉसफिल्म व बेलारूसफिल्म या दोन चित्रसंस्थांनी मिळून निर्मिती केली. चित्रपटाची लांबी १४२ मिनिटे आहे.

पाहणाऱ्याला सर्वाधिक अस्वस्थ करणाऱ्या चित्रपटांची चर्चा निघते तेव्हा या चित्रपटाचे नाव जवळजवळ हमखास येते. अशा चर्चेत येणारे अनेक चित्रपट रक्तपात वा विकृती थेट दाखवून प्रेक्षकाला हादरवतात. 'कम अँड सी'ची गोष्ट वेगळी आहे. त्यात प्रत्यक्ष मृत्यू पडद्यावर फार थोडे दिसतात. त्याची दहशत एका मुलाच्या चेहऱ्यावर साठत जाते, आणि जे दाखवले आहे ते घडून गेलेले आहे या जाणिवेने ती अधिक गडद होते.

शीर्षक

शीर्षक बायबलच्या नव्या करारातील 'प्रकटीकरण' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातून घेतले आहे. तेथे एकेक शिक्का फोडला जातो, 'ये आणि पहा' अशी हाक येते आणि युद्ध, दुष्काळ व मृत्यू यांचे घोडेस्वार पृथ्वीवर उतरतात. चित्रपटाचे आधीचे नाव 'हिटलरला ठार करा' असे होते. हिटलर हा शब्द शीर्षकात नको, असा चित्रपट खात्याच्या अधिकाऱ्यांचा आग्रह असल्याने ते बदलावे लागले. प्रत्येकाने आपल्या आतला हिटलर मारावा, असा त्या जुन्या नावाचा व्यापक अर्थ क्लिमोव्ह यांना अभिप्रेत होता.

पार्श्वभूमी

अदामोविच स्वतः किशोरवयात बेलारूसच्या जंगलात पार्टिझन तुकडीत होते. त्यांची 'खातीनची कथा' ही कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर यांका ब्रिल आणि व्लादिमिर कोलेस्निक या दोन लेखकांसह ते ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन बेलारूसच्या खेड्यापाड्यांतून फिरले. जाळलेल्या गावांतून जिवंत सुटलेल्या तीनशेहून अधिक माणसांच्या साक्षी त्यांनी नोंदवल्या. त्यांतून 'मी अग्निग्रामातून आलो' या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक तयार झाले. लेखकाने स्वतः मागे राहायचे आणि भोगलेल्या माणसाला त्याच्याच शब्दांत बोलू द्यायचे, ही या पुस्तकाची रीत. २०१५ सालचे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या स्वेतलाना अलेक्सियेविच या अदामोविच यांना आपले गुरू मानतात. चित्रपटातील अनेक तपशील याच साक्षींमधून आले आहेत. पटकथाकारांनी कल्पनेने रचलेला वाटावा असा एखादा प्रसंग प्रत्यक्षात कुणा म्हातारीच्या तोंडून नोंदवलेला असतो, हे पाहताना ध्यानात ठेवावे लागते.

क्लिमोव्ह यांचा जन्म १९३३ साली स्तालिनग्राद येथे झाला. १९४२ साली शहर जळत असताना आई आणि तान्ह्या भावासह त्यांना व्होल्गा नदीपार हलवण्यात आले. त्या रात्री पाण्यासह सारे पेटलेले दिसत होते, असे ते पुढे सांगत. आपण तेव्हा पाहिले ते सगळे दाखवले असते तर तो चित्रपट आपल्यालाही पाहवला नसता, असेही त्यांनी म्हटले होते.

१९७७ साली चित्रीकरणाची तयारी झाली होती; पण गोस्किनो या सरकारी चित्रपट खात्याने काम थांबवले. घाणीचे आणि ओंगळ वास्तवाचे सौंदर्यशास्त्र मांडल्याचा ठपका पटकथेवर होता. सोव्हिएत युद्धपटांची रूढ चौकट वीरश्रीची होती; शत्रू क्रूर, आपला सैनिक निर्भय आणि अखेरीस विजय. या पटकथेत वीरश्रीला जागा फारशी नव्हती. दरम्यान १९७९ साली क्लिमोव्ह यांच्या पत्नी लारिसा शेपित्को यांचे मोटार अपघातात निधन झाले. त्या स्वतः मोठ्या दिग्दर्शिका होत्या. बेलारूसी पार्टिझनांवरील त्यांच्या 'द असेंट' या चित्रपटाला १९७७ साली बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले होते. त्यांचा अपुरा राहिलेला 'फेअरवेल' क्लिमोव्ह यांनी पूर्ण केला. 'कम अँड सी'ला अखेर परवानगी मिळून १९८४ साली चित्रीकरण सुरू झाले, तेव्हा विजयाच्या ४० व्या वर्धापनवर्षासाठी चित्रपट हवा होता, हेही एक कारण होते.

कथानक

वाळूत गाडल्या गेलेल्या खंदकांत दोन मुले बंदूक शोधत आहेत. बंदूक मिळाली तर पार्टिझन तुकडीत घेतील, हा त्यांचा हिशेब. फ्ल्योराला ती सापडते. आई रडते, विनवण्या करते. मुलगा मात्र हरखलेला असतो. आकाशात जर्मनांचे टेहळणी विमान घिरट्या घालत असते आणि ते पुढेही पुन्हापुन्हा येत राहते.

छावणीत त्याच्या वाट्याला लढाई येत नाही. तुकडी मोहिमेवर निघते तेव्हा कमांडर कोसाच त्याला मागे ठेवतो. त्याचे चांगले बूट दुसऱ्या सैनिकाला द्यायला लावतो. जंगलात त्याची गाठ ग्लाशा या मुलीशी पडते. इतक्यात बाँबवर्षाव होतो. फ्ल्योराचे कान बधिर होतात आणि तेथून पुढे प्रेक्षकही काही काळ त्याच्याच कानांनी ऐकू लागतो.

दोघे फ्ल्योराच्या गावी येतात. घर रिकामे आहे, चुलीतले सूप अजून कोमट आहे, जमिनीवर बाहुल्या मांडल्या आहेत आणि माश्यांची घूं घूं चालू आहे. घरचे लोक बेटावर लपले असतील, असे म्हणत तो धावत सुटतो. मागोमाग धावणारी ग्लाशा एकदाच वळून पाहते : घराच्या मागील भिंतीशी गावकऱ्यांच्या प्रेतांची रास पडलेली आहे. फ्ल्योराने ती पाहिलेली नाही. हे दृश्य पडद्यावर क्षणभरच टिकते. त्यानंतरची दलदल ओलांडण्याची दीर्घ धडपड प्रेक्षकाला असह्य होते ती त्यामुळेच, कारण मुलाला जे ठाऊक नाही ते त्याला ठाऊक झालेले असते.

बेटावरील उपाशी लोकांसाठी अन्न आणायला फ्ल्योरा तिघांसह निघतो. दोघे सुरुंगात मरतात, तिसरा गोळीबारात. मिळवलेली गायही रात्रीच्या अंधारात गोळ्यांनी मरते. पहाटेच्या धुक्यात एक शेतकरी त्याला आपल्या पेरेखोदी या गावात नेऊन आपल्याच कुटुंबातला म्हणून लपवतो. एवढ्यात जर्मन तुकडी गावाला वेढा घालते. लोकांना एका लाकडी कोठारात कोंडले जाते. मुले मागे ठेवून ज्यांना यायचे त्यांनी खिडकीतून बाहेर यावे, असे सांगितले जाते. फ्ल्योरा बाहेर पडतो. मूल घेऊन निघू पाहणाऱ्या स्त्रीचे मूल पुन्हा आत फेकले जाते. कोठार पेटवले जाते आणि बाहेर सैनिक टाळ्या वाजवत असतात. मग त्यांपैकी काही जण फ्ल्योराच्या डोक्याला पिस्तूल लावून छायाचित्र काढून घेतात.

पुढे पार्टिझन तुकडी या सैनिकांना गाठते. पकडलेल्यांपैकी कोणी गयावया करतो, कोणी दोष दुसऱ्यावर ढकलतो; एक तरुण अधिकारी मात्र काही वंशांना जगण्याचा अधिकारच नाही, हे थंडपणे सांगतो. शेवटी फ्ल्योरा चिखलात पडलेल्या हिटलरच्या तसबिरीवर गोळ्या झाडू लागतो. प्रत्येक गोळीसरशी जुनी वृत्तचित्रे उलटी फिरतात : उद्ध्वस्त इमारती उभ्या राहतात, सैन्ये माघारी जातात, हिटलर तरुण होत जातो आणि अखेर आईच्या मांडीवरचे तान्हे मूल उरते. फ्ल्योरा थबकतो. ती गोळी तो झाडत नाही.

निर्मिती

मुख्य भूमिकेतील अलेक्सेई क्राव्चेन्को तेव्हा अवघा किशोरवयीन होता आणि त्याला अभिनयाचा अनुभव नव्हता. चित्रीकरण सुमारे नऊ महिने चालले आणि ते कथेच्या क्रमानेच करण्यात आले, त्यामुळे त्याच्या शरीरातले व चेहऱ्यातले बदल क्रमाने टिपले गेले. आरंभी गोल गालांचा असलेला हा मुलगा शेवटी सुरकुतलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसतो. अनेक दृश्यांत खऱ्या गोळ्या वापरल्या होत्या. त्या आपल्या डोक्यावरून जात, असे क्राव्चेन्कोने पुढे सांगितले आहे. मुलाच्या मनावर कायमचा आघात होईल ही भीती क्लिमोव्ह यांनाही होती. संमोहनाच्या साहाय्याने त्याला या अनुभवापासून सुरक्षित ठेवण्याचा विचार त्यांनी केला. पण मुलगा संमोहनाला दाद देईना. क्राव्चेन्को पुढे व्यावसायिक अभिनेता झाला. तरीही, मुलांवरील अत्याचाराची साक्ष देणाऱ्या कलाकृतीने एका मुलाला एवढ्या धोक्यात घालावे काय, हा प्रश्न चित्रपटाच्या थोरवीने मिटत नाही.

ग्लाशाची भूमिका ओल्गा मिरोनोवा यांनी, तर कोसाचची लिथुआनियन अभिनेते ल्युबोमिरास लौत्सेव्हिचुस यांनी केली. छायालेखक अलेक्सेई रोदिओनोव यांनी स्टेडिकॅमचा मुबलक वापर केला. कॅमेरा पात्रांच्या मागेपुढे तरंगत राहतो आणि पात्रे वारंवार थेट त्याच्याकडे पाहतात. अशा वेळी शीर्षकातील हाक नेमकी कुणाला आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. ओलेग यान्चेन्को यांच्या संगीतात विमानाची घरघर, कानातला नाद आणि दुरून येणाऱ्या सुरावटी एकमेकांत मिसळतात. अखेरीस मोझार्टच्या 'रेक्विएम'मधील अंश ऐकू येतो.

ऐतिहासिक आधार

पेरेखोदी हे गाव काल्पनिक आहे, पण त्याचे भाग्य खातीन या खऱ्या गावाचे आहे. २२ मार्च १९४३ रोजी पार्टिझनांनी खातीनजवळ एका जर्मन ताफ्यावर हल्ला केला. त्यात हान्स व्योल्के हा अधिकारी मारला गेला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये गोळाफेकीचे सुवर्णपदक त्याने मिळवले होते. त्याच दिवशी सूड म्हणून गावकऱ्यांना कोठारात कोंडून जाळण्यात आले. १४९ माणसे मेली. त्यांत ७५ मुले होती. हे कृत्य ११८ वी सहायक पोलीस बटालियन आणि एसएसची दिर्लेवांगर तुकडी यांचे होते. या बटालियनमध्ये स्थानिक भरतीचे सोव्हिएत नागरिक मोठ्या संख्येने होते. सोव्हिएत राजवटीला ही बाब अडचणीची होती. बटालियनचा एक अधिकारी ग्रिगोरी वास्युरा याच्यावर मिन्स्क येथे खटला चालला तो १९८६ साली, आणि त्याचाही गाजावाजा होऊ दिला गेला नाही. चित्रपटात मात्र जर्मनांबरोबर वावरणारे स्थानिक सहकारी स्पष्ट दिसतात.

खातीन आणि कातिन या नावांत गल्लत होऊ नये. कातिन हे रशियातील स्मोलेन्स्कजवळचे ठिकाण असून तेथे १९४० साली सोव्हिएत गुप्त पोलिसांनी पोलिश अधिकाऱ्यांची हत्या केली होती.

खातीन येथे १९६९ साली स्मारक उभारण्यात आले. जळालेल्या २६ घरांच्या जागी धुराड्यांच्या आकाराचे खांब असून त्यांवरील घंटा ठरावीक अंतराने वाजतात. चौथऱ्याच्या तीन कोपऱ्यांत बर्चची झाडे आहेत व चौथ्या कोपऱ्यात अखंड ज्योत. युद्धात मेलेल्या दर चौथ्या बेलारूसी माणसाची ती खूण. चित्रपटाच्या शेवटी येणाऱ्या पाटीनुसार बेलारूसमधील ६२८ गावे रहिवाशांसह जाळण्यात आली.

प्रतिसाद

जुलै १९८५ मध्ये १४ व्या मॉस्को आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात चित्रपटाला सुवर्ण पारितोषिक मिळाले. सोव्हिएत संघात सुमारे २ कोटी ८९ लाख प्रेक्षकांनी तो पाहिला. एवढ्या कठोर चित्रपटासाठी हा आकडा असामान्य आहे, मात्र त्यात वर्धापनवर्षाच्या सरकारी पाठबळाचाही वाटा धरावा लागेल. एका प्रदर्शनानंतरच्या चर्चेत एक वृद्ध जर्मन उभा राहिला, आपण त्या सैन्यात होतो आणि यात दाखवलेले सारे खरे आहे असे त्याने सांगितले, ही आठवण क्लिमोव्ह यांनी सांगितली आहे.

पश्चिमेत चित्रपटाची ख्याती हळूहळू वाढली. अमेरिकी समीक्षक रॉजर एबर्ट यांनी २०१० साली त्याचा आपल्या 'ग्रेट मूव्हीज' या लेखमालेत समावेश केला. आक्षेप घेणारेही आहेत. जर्मन सैनिकांचे चित्रण ठोकळेबाज आहे आणि कोठाराचे दृश्य प्रेक्षकाला श्वास घेऊ देत नाही, अशी तक्रार होते. यातील पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. दुसरा आक्षेप मात्र त्या दृश्याचा हेतूच सांगतो.

१९८६ साली क्लिमोव्ह सोव्हिएत चित्रपटकर्मींच्या संघाचे प्रथम सचिव झाले आणि कपाटबंद करून ठेवलेले अनेक चित्रपट त्यांच्या कारकिर्दीत बाहेर आले. बुल्गाकोव्ह यांच्या 'द मास्टर अँड मार्गारिटा' या कादंबरीवर चित्रपट करण्याची त्यांची इच्छा होती, पण ती योजना तडीस गेली नाही. 'कम अँड सी' हाच त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. २००३ साली त्यांचे निधन झाले. मॉसफिल्मने पुनरुज्जीवित केलेल्या प्रतीला २०१७ च्या व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट पुनरुज्जीवित चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर ही प्रत अनेक देशांतील चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाली.