पडद्यावरचे कवी – ६ : अमरावतीची गझल, अकोल्याची तिफन

मागच्या आठवड्यात आपण झाक प्रेव्हेरची ओळख करून घेतली. पॅरिसला लागून असलेल्या नईमध्ये १९०० साली जन्मलेला हा फ्रेंच कवी मार्सेल कार्ने या दिग्दर्शकासाठी पटकथा आणि संवाद लिहीत असे. १९४५ साली त्याने लिहिलेला ‘लेझांफां द्यू पारादी’ पडद्यावर आला आणि पुढच्याच वर्षी ‘पारोल’ हा त्याचा कवितासंग्रह गाजला. रस्त्यावरच्या माणसाची बोली त्याने कवितेत आणली आणि तीच पात्रांच्या तोंडी घातली. मराठीत असं दुहेरी काम ग. दि. माडगूळकरांनी केलं. प्रेव्हेर आणि गदिमा दोघेही १९७७ सालीच गेले. गदिमांकडे पुढच्या लेखात वळू. त्याआधी वऱ्हाडात एक फेरी मारायला हवी.

१९३२ साली अमरावती जिल्ह्यात दोन मुलं जन्मली. जानेवारीत धामणगावला दत्तात्रय मायाळू, एप्रिलमध्ये अमरावती शहरात सुरेश भट. पहिला पुढे राजा परांजपे यांच्या हाताखाली शिकून दिग्दर्शक राजदत्त झाला. परांजप्यांच्या अनेक चित्रपटांच्या पटकथा आणि गाणी गदिमांची असत. म्हणजे कवीने रचलेली पटकथा कशी उभी राहते, हे राजदत्तांना गुरूघरीच पाहायला मिळालं. दुसऱ्याने मराठी गझलेला तिचं घर मिळवून दिलं.

भटांचा उजवा पाय अगदी लहानपणीच पोलिओने अधू केला. आईला गाण्याची आणि कवितेची आवड. त्यामुळे सूर घरातूनच मिळाला. १९५५ साली विदर्भ महाविद्यालयातून ते बी. ए. झाले आणि काही काळ त्यांनी जिल्ह्यातल्या खेड्यांत मास्तरकी केली. ‘रूपगंधा’ १९६१ साली, ‘रंग माझा वेगळा’ १९७४ साली आणि ‘एल्गार’ १९८३ साली प्रसिद्ध झाला. ‘गझलेची बाराखडी’ लिहून त्यांनी वृत्त, काफिया, रदीफ, अलामत हे गझलेचे सगळे नियम नवख्याला समजतील अशा भाषेत मांडले. दूरगावच्या होतकरू कवींना ते पत्रांतून गझल शिकवत.

या गझलेचा चित्रपटाशी मेळ का बसतो, हे समजून घेण्यासारखं आहे. गझलेतला प्रत्येक शेर दोन ओळींत स्वतःपुरता पूर्ण असतो. पहिली ओळ विधान मांडते, दुसरी ते उलटवते किंवा टोकाला नेते. मागचापुढचा संदर्भ नसला तरी शेराचं काही अडत नाही. पडद्यावर हे फार कामाचं. दिग्दर्शकाला लांबलचक निवेदन नको असतं. पात्राच्या मनातलं दोन ओळींत हवं असतं.

दिग्दर्शक जब्बार पटेलांनी ते नेमकं ओळखलं. ‘सिंहासन’ १९७९ सालचा. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवर विजय तेंडुलकरांनी लिहिलेली पटकथा, खुर्चीचं राजकारण, कोरडे, धारदार संवाद. अशा चित्रपटात गाण्याला जागा ती किती? तरी हृदयनाथ मंगेशकरांनी चाल लावलेलं आणि आशा भोसलेंनी गायलेलं भटांचं ‘उषःकाल’ हे गीत त्यात आहे. स्वातंत्र्यानंतर वाट्याला आलेला भ्रमनिरास ते सरळ बोलून दाखवतं. पुढे मोर्च्यांत, आंदोलनांत ते गायलं गेलं. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही, त्यांच्याही ओठांवर ते आहे. प्रेव्हेरचंही असंच झालं होतं. त्याने लिहिलेला १९४६ सालचा ‘ले पोर्त द ला न्वी’ पडला, पण झोझेफ कोस्माच्या चालीवर त्याने रचलेलं पानगळीचं गाणं जगभर पोचलं.

पटेलांच्याच १९८२ सालच्या ‘उंबरठा’मध्ये स्मिता पाटीलची सुलभा घर सोडून महिलाश्रम चालवायला जाते. ती ठाम आहे, रडणारी नाही. तिच्या आतलं एकटेपण लता मंगेशकरांच्या आवाजातल्या भटांच्या गझलेने उचललं. इथे गाणं विश्रांतीपुरतं येत नाही, ते पटकथेचाच भाग होतं.

आता अकोल्याकडे. राजदत्तांच्या ‘अरे संसार संसार’ला १९८१ साली विठ्ठल वाघांचं तिफणीचं गाणं लाभलं. अकोला जिल्ह्यातले वाघ वऱ्हाडीत लिहिणारे कवी. मृगाचा पाऊस पडला की बैलजोडी जुंपायची, तिफणीची तीन फणं काळ्या मातीत तीन रेघा ओढत जातात, वरच्या चाड्यात मूठमूठ बियाणं सोडत बाई मागून चालते. मुठीचा वेग आणि बैलांची चाल जुळली नाही तर पेरा विरळ-दाट पडतो. ती चाल वाघांच्या गाण्यात ठेका होऊन आली आहे. हे गाणं लिहायला शेत ओळखीचं असावं लागतं.

भट आणि वाघ, दोघांचाही पडद्याशी संबंध जुळला तो मुख्यतः गीतकार म्हणून. वऱ्हाडाची खरी ताकद मात्र संवादातही आहे. गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. त्यांचं कीर्तन म्हणजे सवाल-जवाब. बाबा साध्या वऱ्हाडीत प्रश्न टाकत, समोरच्या गर्दीकडून उत्तर वदवून घेत आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढत. नाट्य आणखी वेगळं काय असतं? राजदत्तांनी १९७७ साली ‘देवकीनंदन गोपाला’मधून बाबांना पडद्यावर आणलं, भूमिका डॉ. श्रीराम लागूंची.

माझं म्हणणं एवढंच आहे : वऱ्हाडी बोलीला पडद्यावर चार गाणी आणि विनोदी पात्राचे दोन संवाद एवढाच वाटा मिळणं हा तिच्यावरचा अन्याय आहे. या बोलीत अख्खी पटकथा पेलण्याचा जोर आहे. तो दाखवायचा तर कवीनेच पटकथा हातात घ्यायला हवी.

अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत आज कविता लिहिणाऱ्या मुलामुलींनो, कविसंमेलनाच्या टाळ्यांवर थांबू नका. आपलीच एक कविता घ्या, तिचा एक प्रसंग करा, त्यातली माणसं तुमच्या घरात बोलतात तशी बोलू द्या. भटांनी गझल शिकायला कुणाची परवानगी मागितली नव्हती. पटकथा शिकायलाही ती लागत नाही.

(पुढच्या आठवड्यात : गदिमा आणि ‘जगाच्या पाठीवर’)