कॅमेरा उंबरठ्याच्या आत की बाहेर?

घरासाठी कॅमेरा घ्यायचा म्हटले की व्यापारी कुटुंबात प्रथम भाव विचारला जातो. वस्तुतः प्रथम जागा ठरवावी. बाहेरचा कॅमेरा आगंतुकाला उंबरठ्यापाशीच टिपतो. आतला बहुधा घडून गेलेल्या गोष्टीची नोंद ठेवतो.

बाहेरच्या कॅमेऱ्याला पावसाळा सोसावा लागतो. त्यावरील ‘आयपी ६६’ या खुणेतील पहिला ६ धुळीपासून पूर्ण बचाव दर्शवितो, दुसरा पाण्याच्या जोरदार झोतापासून. अशी खूण नसलेला आतला कॅमेरा स्वस्त म्हणून गॅलरीत लावणे म्हणजे पैसे अक्षरशः पाण्यात घालणे. तो खिडकीच्या काचेआडून बाहेर रोखला, तर रात्री त्याचाच अवरक्त प्रकाश काचेवरून परतून चित्र पांढुरके होते.

आतल्या कॅमेऱ्याचा खरा प्रश्न मर्यादेचा आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्या हक्काची बूज घरातही राखली जावी. तिजोरीच्या वाटेवर कॅमेरा योग्य. सुना-लेकींच्या वावरावर तो पहारा ठरतो. घरातील सर्वांना, कामाच्या बाईंनाही, तो कोठे आहे हे ठाऊक असावे आणि मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

एकच घ्यायचा असेल, तर तो दाराबाहेर लावावा. मात्र त्याचा रोख शेजाऱ्याच्या दारावर नसावा.