टीएलसी (दूरचित्रवाहिनी)

टीएलसी ही एक अमेरिकन केबल दूरचित्रवाहिनी आहे. ॲपलाचिया या डोंगराळ प्रदेशात उपग्रहाद्वारे शिक्षण पोहोचविण्यासाठी अमेरिकी सरकार व नासा यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात तिचे मूळ आहे. १९८० मध्ये खाजगीकरण होऊन तिला ‘द लर्निंग चॅनल’ हे नाव मिळाले. १९९१ मध्ये ती डिस्कव्हरीने विकत घेतली. बीबीसीच्या ‘चेंजिंग रूम्स’वर बेतलेल्या ‘ट्रेडिंग स्पेसेस’मध्ये (२०००) शेजारी एकमेकांच्या घरातील खोली दोन दिवसांत सजवीत. ती घरमालकाला आवडेलच असे नसे, आणि प्रेक्षकांना गंमत वाटे ती त्याचीच. पुढे भर कौटुंबिक जीवनावर आला. ‘जॉन अँड केट प्लस एट’मधील दांपत्याने २००९ मध्ये विभक्त होण्याचा निर्णय कार्यक्रमातूनच जाहीर केला. त्यांची आठ मुले कॅमेऱ्यासमोर वाढत होती. त्यांच्या संमतीचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला.