घरच्या स्टिरिओसाठी पॉवर अॅम्प्लिफायर : वॅट किती हवेत?

आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत दरवर्षी कोणीतरी जळालेला ट्वीटर घेऊन येतो. तक्रार जवळजवळ ठरलेली असते : "सर, स्पीकर १०० वॅटचा आणि अॅम्प्लिफायर फक्त ३० वॅटचा, मग स्पीकर जळला कसा?" या प्रश्नाचे उत्तर समजले की अॅम्प्लिफायर कसा निवडायचा हेही बरेचसे समजते.

प्लेअरकडून येणारा एक-दोन व्होल्टचा संकेत स्पीकरची कॉइल हलवू शकत नाही. त्यासाठी लागणारे व्होल्टेज आणि प्रवाह पुरवणे हे पॉवर अॅम्प्लिफायरचे काम. ते किती लागेल हे स्पीकर ठरवतो. म्हणून सुरुवात स्पीकरच्या माहितीपत्रकापासून करावी. त्यात दोन आकडे पाहायचे : सेन्सिटिव्हिटी आणि इम्पीडन्स.

समजा, स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल आहे. म्हणजे १ वॅट दिल्यास १ मीटर अंतरावर ८७ डेसिबल आवाज मिळतो. आपण ३ मीटरवर बसतो. अंतर तिप्पट झाल्यामुळे सुमारे ९.५ डेसिबल घट होते आणि स्पीकर दोन असल्यामुळे ३ डेसिबल वाढ होते. म्हणजे प्रत्येक स्पीकरला १ वॅट दिला तर आपल्या कानापाशी ८०.५ डेसिबल पोहोचतात. (भिंतींवरून परतणारा आवाज आपण धरलेला नाही. तो धरला तर गरज थोडी कमीच होते.) सरासरी ८० डेसिबल हे घरात चांगले मोठे ऐकणे झाले. त्याला १ वॅटसुद्धा लागत नाही!

पण संगीत सरासरीवर चालत नाही. तबल्याची एखादी थाप सरासरीच्या १८ डेसिबल वर सहज जाते. १८ डेसिबल म्हणजे शक्तीत ६३ पट. म्हणून ०.९ वॅटवर चाललेल्या अॅम्प्लिफायरला त्या क्षणी ५६ वॅट द्यावे लागतात. आता याच हिशेबात ८४ डेसिबलचा स्पीकर घाला : ११२ वॅट लागतील. ९३ डेसिबलचा घाला : १४ वॅट पुरतील. दुकानात ५० ऐवजी १०० वॅटचा अॅम्प्लिफायर घेण्यासाठी जादा पैसे मोजून हाती येतात फक्त ३ डेसिबल, म्हणजे कानाला कळेल न कळेल इतकी वाढ. आवाज 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते.

आता ट्वीटरकडे येऊ. ३० वॅटच्या अॅम्प्लिफायरकडे ५६ वॅट मागितले की लहरीचे शेंडे कापले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या लहरीत वरच्या वारंवारतेचे नवे घटक तयार होतात. शिवाय खर्जाचे शेंडे कापले गेल्यावरही व्हॉल्यूम वाढवत राहिले तर वरच्या स्वरांचा वाटा वाढतच जातो. स्पीकरवरचा १०० वॅट हा आकडा पूर्ण पेटीचा आणि नेहमीच्या संगीतासाठीचा असतो. त्यातली बहुतेक शक्ती वूफरकडे जाते, ट्वीटरची बारीक कॉइल सतत काही थोडेच वॅट सोसते. ती जळते यात नवल नाही.

दुसरा आकडा इम्पीडन्सचा. ८ ओहमच्या जागी ४ ओहमचा स्पीकर लावला तर त्याच व्होल्टेजला दुप्पट प्रवाह लागतो. चांगला अॅम्प्लिफायर ४ ओहममध्ये ८ ओहमच्या जवळजवळ दुप्पट वॅट देतो. आकडा जेमतेम वाढत असेल तर पॉवर सप्लाय तोकडा आहे, असे समजायला हरकत नाही.

खोक्यावरचे 'पीएमपीओ' वॅट मात्र सरळ विसरा. त्या आकड्याला कोणतीही ठरलेली मोजणी नाही. सतत मिळणारे आरएमएस वॅट पाहा आणि ते किती विकृतीला मोजले तेही पाहा. १० टक्के विकृतीला दिलेला आकडा म्हणजे क्लिपिंगमध्ये मोजलेला आकडा.

एक तपासणी तर वहीवरही होते. ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या क्लास डी अॅम्प्लिफायरवर '१०० + १०० वॅट' लिहिलेले असते, सोबत २४ व्होल्ट, ३ अँपिअरचा अॅडाप्टर. स्पीकरवर येणारे शिखर व्होल्टेज २४ च्या वर जाऊ शकत नाही. त्याचा वर्ग ५७६. त्याला रोधाच्या दुपटीने, म्हणजे १६ ने भागा : ८ ओहममध्ये ३६ वॅट. आणि अॅडाप्टर एकूण ७२ वॅटच देतो, दोन्ही चॅनेल मिळून. मग २०० वॅट येणार कुठून? तरीही वरच्या उदाहरणात ९० डेसिबलचा स्पीकर असेल तर हाच अॅम्प्लिफायर पुरतो (२८ वॅट), आणि विद्यार्थ्याच्या खिशाला तो परवडतोही.

क्लास एबी की क्लास डी, यावर वाद पुष्कळ होतात. माझ्या मते नीट बांधलेला कोणताही चालेल. एबी तापतो, त्याला हवा खेळती हवी.

डॅम्पिंग फॅक्टर ५०० आहे की १००, याची चिंता नको. १ चौरस मिलिमीटर तांब्याची ५ मीटर लांब जोडतार जाऊन-येऊन सुमारे ०.१७ ओहम रोध घालते. त्यामुळे ८ ओहमच्या स्पीकरपाशी तो आकडा ५० च्याही खाली येतो. तार दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची घ्या.