मासा कुणाचा, हे कुठे लिहून ठेवायचं?

मासळी बाजारात आपण दोन प्रश्न हमखास विचारतो. ताजी आहे का, आणि केवढ्याला दिली? हा मासा कुठल्या कुळातला, असं कुणी विचारत नाही. विचारलंच तर कोळीण म्हणेल, "दादा, खायचाय की सोयरीक जुळवायचीय?" तिचं बरोबरच आहे. पण समुद्रातले मासे संपू नयेत असं ज्याला वाटतं, त्याला ही सोयरीक बघावीच लागते.

मी बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस, कविता लिहितो. विज्ञानाच्या वाटेला फारसा गेलो नाही. पण माशांच्या जनुकीय नोंदींबद्दल वाचू लागलो तेव्हा जाणवलं, की हे काम आपल्या ओळखीचं आहे. पोथ्यांचा अभ्यासक करतो तेच. अक्षरं जपायची, ती कुणाची हे जपायचं, आणि दुसऱ्याला वाचता येतील अशी ठेवायची.

हे कशासाठी, ते आधी सांगतो. एका जातीचे मासे दिसायला सारखे असले तरी सगळे एका घरातले नसतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चिनूक नावाचा सॅमन मासा आहे. तो नदीत जन्मतो, समुद्रात जातो, काही वर्षं तिथे वाढतो आणि अंडी घालायला बहुधा आपल्या जन्माच्या नदीतच परत येतो. माहेरची ओढ म्हणा ना! त्यामुळे प्रत्येक नदीचं कूळ पिढ्यान् पिढ्या वेगळं राहतं. समुद्रात मात्र सॅक्रामेंटो, कोलंबिया, फ्रेझर अशा नद्यांचे चिनूक एकमेकांत मिसळून फिरतात. गळाला लागलेला मासा भरभराटीच्या नदीतला की शेवटची घरघर लागलेल्या, हे डोळ्यांना कळत नाही. सॅक्रामेंटोत हिवाळ्यात परतणारा चिनूक तर १९९४ पासून अमेरिकेच्या कायद्यात नामशेष होण्याच्या धोक्यातला म्हणून नोंदलेला आहे. एकूण मासेमारी जोरात दिसत असताना असं एखादं दुबळं कूळ कुणाच्या नकळत संपू शकतं.

शिवाय भांडण दोन देशांचं. अमेरिकेतल्या नदीत जन्मलेला मासा कॅनडाच्या पाण्यात पकडला जातो, आणि कॅनडातला अलास्काच्या. १९८५ मध्ये दोन्ही देशांनी सॅमनसाठी करार केला. पण कुणी कुणाचे किती मासे धरले, याचा हिशेब हवा. त्यासाठी पिल्लांच्या नाकाडात खुणेचा बारीक तारेचा तुकडा बसवत. ही खूण प्रामुख्याने संवर्धन केंद्रातल्या पिल्लांना. नदीत आपसूक जन्मलेल्या बहुतेकांना ती कोण बसवणार? डीएनएची खूण मात्र प्रत्येक मासा जन्मतःच घेऊन येतो. परातला चिमूटभर तुकडा पुरतो.

पण ती खूण ताडून बघायला प्रत्येक नदीची वही आधी तयार हवी. इथेच घोडं अडलं. डीएनएमध्ये काही जागी दोन-चार अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, गझलेत रदीफ यावा तसा. कुणात बारा वेळा, कुणात पंधरा वेळा. त्याची लांबी मोजून कूळ ओळखायचं. आता समजा, एका प्रयोगशाळेच्या यंत्राने तोच तुकडा १५२ लांबीचा दाखवला आणि दुसरीच्या यंत्राने १५४. दोघांचे आकडे एका वहीत लिहिले तर एकाच नदीचे सख्खे भाऊ परके ठरतील! प्रत्येकाचा शेर वेगळा असेल तर बाजार चालेल कसा?

मग कॅनडा आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळा एकत्र आल्या. मोजायच्या १३ जागा ठरवल्या. तेच नमुने सगळ्यांनी मोजून पाहिले आणि कुणाच्या आकड्याला काय म्हणायचं, हे पक्कं केलं. शंभराहून अधिक ठिकाणच्या चिनूकची अशी सामायिक वही उभी राहिली, आणि २००७ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध झाली. पुढे लांबी मोजण्याऐवजी नेमकं एकेक अक्षर वाचण्याची पद्धत रुळली. अक्षर कुठल्याही यंत्रावर तेच राहतं, त्यामुळे नोंदींची देवाणघेवाण सोपी झाली.

अक्षरं साठवायला जागा कमी नाही. अमेरिकेतली जेनबँक १९८२ पासून आहे. युरोप आणि जपानमधल्या अशाच भांडारांशी तिची नोंदींची देवाणघेवाण चालते. आपल्याकडे फरिदाबादला २०२२ मध्ये भारतीय जैविक माहिती केंद्र सुरू झालं. अडचण असते ती अक्षरांवरच्या चिठ्ठीची.

आपल्या पापलेटचंच बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्यमासा म्हणून मान दिला. वर्षानुवर्षं पुस्तकांत त्याचं शास्त्रीय नाव पॅम्पस अर्जेंटियस असं छापलं जात होतं. २०१९ मध्ये संशोधकांनी डीएनए आणि शरीररचना ताडून दाखवलं, की हिंदी महासागराच्या उत्तर भागातलं रुपेरी पापलेट हे वेगळं आहे. एकोणिसाव्या शतकात त्याला दिलेलं आणि पुढे बाजूला पडलेलं पॅम्पस कॅन्डिडस हे नाव त्यांनी पुन्हा वर काढलं. पण जुन्या नावाने भांडारात गेलेल्या नोंदींचं काय? जेनबँकेतली नोंद ज्याने दिली, दुरुस्ती त्यानेच करायची, असा रिवाज आहे. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले, आणि ते वेगळे काढताना अभ्यासकांना किती घाम गाळावा लागला, हे मराठीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतं. तसंच हे. पापलेटची पिल्लं किती धरली जाताहेत आणि बंदी कधी, किती दिवस असावी, हे ठरवायचं तर आपण नेमक्या कुठल्या माशाबद्दल बोलतोय, हे आधी पक्कं हवं.

म्हणून नोंद करताना अक्षरांसोबत चार गोष्टी हव्यातच. मासा कुठे धरला, कधी धरला, कशाने धरला, आणि कुणी ओळखला. शक्य तर तो मासा संग्रहालयात जपून ठेवावा, म्हणजे उद्या शंका आली तर पुन्हा बघता येतो. हे सगळं धरतानाच लिहावं लागतं. दहा वर्षांनी ते कुणाला आठवणार?

राहिला प्रश्न वाटून घेण्याचा. माहिती उघडी केली तर फायदा दुसराच कुणी उपटेल, ही शंका वावगी नाही. जैवविविधता करारातल्या देशांनी २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली शहरात ठरवलं, की जनुकीय माहितीवर नफा मिळवणाऱ्या मोठ्या उद्योगांनी एका निधीत वाटा टाकावा. सक्ती नाही, पण पाऊल पडलं. तरी मला वाटतं, वाट्याचा हिशेब आणखी जवळ यायला हवा. नमुना ज्याच्या होडीतून आला, त्या सातपाटीच्या किंवा हर्णैच्या मच्छीमाराला त्यातून काय निघालं, हे त्याच्या भाषेत कळायला हवं. बंदीचे दिवस चूल थंड ठेवून तोच पाळतो. ते दिवस कशावरून ठरले, हे विचारण्याचा पहिला हक्क त्याचा आहे.