झीनियातले तीन दिवस

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात झीनिया नावाचं एक लहान शहर आहे. उन्हाळ्यात तिथल्या ग्रीन काउंटीच्या मैदानावर शेतकऱ्यांची जत्रा भरते आणि लांबलचक इमारतींत गुरंढोरं बक्षिसासाठी उभी केली जातात. मे महिन्यात मात्र त्याच इमारतींना तीन दिवसांपुरती नवी नावं मिळतात: मॅक्सिम, टेस्ला, मार्कोनी, व्होल्टा. बाहेर गवतावर मोटारींच्या डिक्या उघडतात आणि घडीची टेबलं मांडली जातात. त्यांवर पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे रिसीव्हर, काचेचे व्हॉल्व्ह, तांब्याच्या तारेची भेंडोळी, पितळी मोर्स कळा आणि मीटरच्या काट्यांनी भरलेली खोकी येऊन बसतात. हे हॅमव्हेन्शन, जगातल्या हौशी रेडिओवाल्यांचा सर्वांत गाजलेला मेळावा. २०२५ साली तिथे ३६,८१४ माणसं आली. तोवरचा हा सर्वांत मोठा आकडा.

हॅम रेडिओ म्हणजे हौसेखातर केलेला बिनतारी संदेशव्यवहार. परीक्षा द्यायची, सरकारी परवाना मिळवायचा, घरी स्वतःचं केंद्र उभारायचं आणि नेमून दिलेल्या लहरींवर इतर परवानाधारकांशी बोलायचं. त्यातून पैसा कमवायचा नाही, ही मूळ अट. परवान्याबरोबर प्रत्येकाला अक्षरं-आकड्यांची एक कॉल साइन मिळते. आपल्याकडची बहुतेक ‘व्हीयू’ने सुरू होतात. झीनियात ही खूण टोपीवर शिवलेली असते, नाहीतर छातीवरच्या बिल्ल्यावर कोरलेली. वीस वर्षं ज्याच्याशी बोललो तो समोर उभा असतो, पण ओळखीचा असतो तो फक्त आवाज. चेहऱ्यावरून काहीच कळत नाही. मग नजर टोपीवर जाते आणि दोघंही एकदम हसतात. अशा भेटीला हॅम मंडळींनी ‘आयबॉल’ असं नाव दिलंय.

घरबसल्या जपानशी बोलू शकणारा माणूस विमानाचं तिकीट काढून, हॉटेलचे चढे दर मोजून मक्याच्या शेतांनी वेढलेल्या मैदानावर कशासाठी येतो? या मेळाव्यांच्या भवितव्याची सगळी चर्चा मला या प्रश्नापाशी येऊन थांबते. पैसे, जागा, गर्दी हे त्यानंतरचे विषय.

मेळावा भरवते डेटन अमॅच्युअर रेडिओ असोसिएशन. झीनियाच्या शेजारचं डेटन हे राईट बंधूंचं गाव. तिथे मोठा हवाई तळ आहे आणि अवतीभवती अभियंत्यांची वस्ती. ड्रेक या नामांकित रेडिओ कंपनीचा जन्मही डेटनचाच. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची हजारो रेडिओयंत्रं भंगाराच्या भावात बाजारात आली होती आणि ती सुधारून वापरणाऱ्या तरुणांची अमेरिकेत एक अख्खी पिढी तयार झाली होती. अशा दिवसांत, २२ मार्च १९५२ रोजी, डेटनच्या बिल्टमोर हॉटेलात पहिलं हॅमव्हेन्शन भरलं. सहाशेच्या आसपास लोक आले होते. १९६४ पासून अर्धशतकभर हारा अरीना हे त्याचं घर होतं. ती वास्तू २०१६ मध्ये बंद पडली तेव्हा आयोजकांना वर्षभराच्या आत नवी जागा शोधावी लागली. २०१७ साली झीनियातल्या पहिल्याच मेळाव्यात पाऊस कोसळला आणि बाजाराच्या मैदानात चिखल झाला; तरी लोक बूट माखवून फिरत राहिले. दोन वर्षांनी, मे २०१९ च्या शेवटी, डेटनवर टोर्नेडो वादळं आली आणि रिकाम्या हारा अरीनाची मोडतोड झाली. ज्यांनी तारुण्यातली तीस-तीस हॅमव्हेन्शनं तिथे घालवली होती, त्यांना ती छायाचित्रं बघताना काय वाटलं असेल याची कल्पना मी करू शकतो.

व्याख्यानं, कंपन्यांची दालनं, रात्रीची जेवणं हे सगळं तिथे असतंच. माझ्या मते मेळाव्याचा जीव आहे तो बाहेरच्या बाजारात. पुण्यातल्या जुन्या बाजारात रविवारी फिरलेल्या माणसाला त्याचं रूप ओळखीचं वाटेल. फरक असा की इथे विकणाऱ्याला आपल्या टेबलावरच्या प्रत्येक वस्तूचं पोट माहीत असतं. समजा, एखाद्या मुलीने जुना व्हॉल्व्हचा रिसीव्हर उचलला. विकणारा आजोबा तिला आधी सांगेल, घरी गेल्या गेल्या प्लग लावू नकोस. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधलं रसायन वर्षानुवर्षांत वाळून गेलेलं असतं आणि मेणकागदाचे कपॅसिटर गळके झालेले असतात. पूर्ण दाबाची वीज एकदम सोडली तर तेच शॉर्ट होतात आणि जाताना ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातात. म्हणून आधी ते बदल, मग व्हेरिॲकने दाब थोडा थोडा चढव. ट्रान्सफॉर्मर हुंगून बघ. जळलेल्या वार्निशचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. डायल फिरवून बघ. उलट फिरवताना काटा क्षणभर थांबून मग हलला, तर गिअर झिजलेत.

यातलं बरंचसं पुस्तकात मिळेल. तो वास मात्र मिळणार नाही, डायलची ती ढिलाई बोटांना कशी लागते तेही नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी सुटे भाग आपल्यालाही मिळतात, आणि तिथले जाणते दुकानदार सल्लाही देतात. पण त्यांच्यासमोर गिऱ्हाइकांची रांग असते. झीनियातल्या म्हाताऱ्याला मात्र वस्तू खपल्याइतकाच आनंद ती समजावून सांगण्यात असतो. हॅम भाषेत असा शिकवणारा म्हणजे ‘एल्मर’. १९७१ मध्ये ‘क्यूएसटी’ मासिकाच्या एका सदरात रॉड न्यूकर्क यांनी एल्मर फ्रोहार्ड या शिकवणाऱ्या हॅमच्या नावावरून हा शब्द वापरला आणि तो जगभर रुजला. एखाद्याचं नाव पदवी होऊन बसावं, असा मान फार थोड्या गुरुजींच्या वाट्याला येतो.

टेबलावरचं बरंच सामान आता गेलेल्या माणसांचं असतं. मरण पावलेल्या हॅमला ‘सायलेंट की’ म्हणतात, शांत झालेली कळ. मुलं-नातवंडं तळघर रिकामं करतात आणि खोकी मेळाव्याकडे निघतात. पुढची दहा-पंधरा वर्षं हा ओघ वाढेल असं मला वाटतं, आणि मग तो आटेल. आजचं यंत्र म्हणजे मुख्यतः संगणकच. त्यातले भाग तांदळाच्या कणीएवढे आणि पट्टीवर चिकटवलेले. ते बिघडलं की हुंगून काही कळत नाही. २०४० च्या बाजारात टेबलावर काय असेल, याचा विचार आयोजकांनी आजपासून करायला हवा.

बाजाराचा दुसरा आधार म्हणजे छोटे उद्योग. मिसिसिपीतल्या स्टार्कव्हिलमध्ये मार्टिन जू यांनी १९७२ साली सुरू केलेली एमएफजे ही कंपनी अँटेनाला जुळवून घेणारे ट्यूनर, मीटर, स्विच अशा असंख्य लहानसहान गोष्टी बनवायची. एमएफजेचा एखादा डबा नसलेलं हॅमचं टेबल विरळाच. कोविडनंतर बिघडलेलं गणित आणि स्वतःचं वय या कारणांनी जू यांनी तिथलं उत्पादन थांबवलं. तारीख होती १७ मे २०२४, त्या वर्षीच्या हॅमव्हेन्शनचा पहिला दिवस. एकीकडे मेळाव्याला तोवरची सगळ्यात मोठी गर्दी जमत होती, तीन दिवसांत मिळून ३५,८७७ लोकांची, आणि दुसरीकडे या छंदाला पन्नास वर्षं सामान पुरवणारा कारखाना थांबत होता. मेळाव्याचं भवितव्य नुसत्या गर्दीवरून वाचू नये, हे मला या एका तारखेने शिकवलं.

गर्दीचे आकडे तसेही चढउतार करतात. १९९३ मध्ये तेहतीस हजारांवर माणसं आली होती. मग इंटरनेट आलं, जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री पडद्यावर गेली आणि पुढच्या दशकात आकडा वीस हजारांच्या आसपास उतरला. झीनियात तो पुन्हा चढला. काहींना याचं श्रेय सूर्याला द्यावंसं वाटतं. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात-कमी होतात. डाग वाढले की वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर लघुलहरींना उत्तम परतवतो आणि थोड्याशा शक्तीत जग ऐकू येतं. २०२४ मध्ये सूर्य ऐन भरात होता. मलाही हे कारण पटलं होतं, पण २०१९ मध्ये सूर्य जवळजवळ डागविरहित असताना झीनियात ३२,४७२ लोक आले होते, हे आठवल्यावर तो तर्क मी सोडून दिला. शिवाय त्या मंदीच्या काळात नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ जो टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांनी एफटी-८ ही पद्धत दिली होती. संगणक पंधरा-पंधरा सेकंदांचे संदेश पाठवतो आणि कानाला न लागणारा, गोंगाटात बुडालेला संकेतही वाचून काढतो. अनेकांचे बंद पडायला आलेले छंद तिने टिकवले. माझं मन तरीही माणसाच्या आवाजापाशी रेंगाळतं. एफटी-८ वर संपर्क नोंदला जातो, ओळख होत नाही.

साथीमुळे २०२० आणि २०२१ ची हॅमव्हेन्शनं रद्द झाली. ऑगस्ट २०२० मध्ये पडद्यावरचा मोठा हॅम मेळावा भरला आणि नाशिकच्या माणसालाही घरून व्याख्यान ऐकता आलं. ही सोय फार मोलाची आहे, ती टिकायलाच हवी. व्याख्यान पडद्यावर चांगलं चालतं, थांबवून पुन्हा ऐकता येतं. त्यामुळे पुढे मोठ्या मेळाव्यांतली व्याख्यानांची दालनं आखडली तर मला दुःख नाही. त्या जागेवर सोल्डरिंगची टेबलं मांडा, अँटेना उभी करून दाखवा, चालू केंद्रावर नवख्याला बसवा.

कारण नवखा आता वेगळ्या वाटेने येतो. अमेरिकेत २००७ पासून कोणत्याही परवान्यासाठी मोर्स लागत नाही. पहिल्या पायरीच्या परीक्षेत पस्तीस प्रश्न, सव्वीस बरोबर आले की पास. किमान तीन स्वयंसेवक परीक्षक बसले की परीक्षा घेता येते, म्हणून ती मेळाव्यातही होते. सकाळी नुसतं बघायला आलेला दुपारी परीक्षा पास होऊन बाहेर पडू शकतो. आपल्याकडे बाराव्या वर्षापासून परवाना घेता येतो, पण अर्ज, परीक्षा आणि मग कागद हातात येईपर्यंतची वाट, यात उत्साह थंडावतो. दरवर्षी वेगवेगळ्या शहरांत भरणाऱ्या हॅमफेस्ट इंडियात अशी जागेवरची परीक्षा सरकारने सुरू करावी, असं मला मनापासून वाटतं. मात्र परवाना सोपा झाल्याने अमेरिकेत दुसरी अडचण उभी राहिली. मोबाईलवर प्रश्न पाठ होतात, स्वस्तातला हातातला सेट घरपोच येतो, बटण दाबून हाक दिली जाते आणि पलीकडून उत्तर येत नाही. चार दिवस हाक देऊन सेट ड्रॉवरमध्ये जातो. अँटेना चुकीची होती, वेळ चुकीची होती की शब्द, हे सांगायला जवळ कुणी नसतं.

हे सांगणारी माणसं मेळाव्यात आहेत. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडमधल्या शाळेत रेडिओ शिकवणाऱ्या कॅरोल पेरी यांनी हॅमव्हेन्शनमध्ये वर्षानुवर्षं युवा सत्र चालवलं. त्यात मंचावर मुलंच बोलायची, मोठ्यांनी खाली बसून ऐकायचं. जर्मनीत बोडेनसे सरोवराच्या काठी फ्रीडरिश्सहाफेनला भरणाऱ्या युरोपातल्या मोठ्या मेळाव्यात तरुणांच्या मुक्कामाची सोय मेळाव्याच्या आवारातच केली जाते. हॉटेल न परवडणाऱ्या विद्यार्थ्याला याहून मोठी मदत नाही. झीनियाने हा धडा गिरवायला हरकत नाही.

एक टेबल मात्र आहे तसंच राहावं असं मला वाटतं: जिथे क्यूएसएल कार्डं तपासली जातात. दोन केंद्रांचा संपर्क झाल्याची पोस्टकार्डाएवढी पावती म्हणजे हे कार्ड. शंभर वेगवेगळ्या देश-प्रदेशांची जमली की मानाचं प्रमाणपत्र मिळतं. या यादीत अंदमान-निकोबार भारतापासून वेगळं धरलं जातं आणि तिथून क्वचितच कुणी बोलतं, म्हणून ते कार्ड जपून ठेवतात. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅम मंडळींची एक तुकडी जगाला हाच दुर्मीळ संपर्क द्यायला पोर्ट ब्लेअरला गेली होती. २६ तारखेला त्सुनामी आली, टेलिफोन बंद पडले आणि छंदासाठी उभारलेलं केंद्र बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवू लागलं. झीनियाच्या टेबलावर ते कार्ड कुणी उलटून बघितलं, तर शेजारी उभ्या नवख्याला ही हकीकत सांगावी.

हे सगळं पगाराविना चालतं. फाटकावर उभे राहणारे, वाहनतळ सांभाळणारे, परीक्षा घेणारे असे शेकडो स्वयंसेवक लागतात आणि त्यांतले कित्येक निवृत्तीनंतरचे आहेत. उन्हात दिवसभर गाड्यांना वाट दाखवायला पुढच्या दहा वर्षांनी कोण उभं राहणार, ही काळजी मला यंत्रांच्या किमतींपेक्षा मोठी वाटते.

सूर्याची पुढची मंदी २०३० च्या आसपास येईल. लघुलहरी पुन्हा ओसरतील. फाटकावरची तिकिटं तेव्हाही मोजली जातील. मला मात्र आणखी एक आकडा हवा आहे: शनिवारी मेळाव्यात परीक्षा पास झालेल्यांपैकी किती जणांनी जूनच्या अखेरीपर्यंत पहिला संपर्क केला. परीक्षेच्या खोलीबाहेर एक चालू केंद्र आणि शेजारी एक रिकामी खुर्ची ठेवली, तर पहिला संपर्क त्याच संध्याकाळी होऊ शकेल.