राशी आणि उपयोक्ता : आहारनोंदीच्या ॲप्सची निवड

नाडीसाठी हात पुढे करण्याआधी रुग्ण खिशातून मोबाईल काढतो आणि म्हणतो, “डॉक्टर, काल १७४० कॅलरी झाल्या. बरोबर आहे ना?” हा प्रसंग आता बहुतेक वैद्यमित्रांच्या परिचयाचा झाला असेल. आपण आकड्याकडे पाहून मान डोलावतो व औषधयोजनेकडे वळतो. प्रस्तुत लेखकही बराच काळ असेच करीत असे. त्याचा परिणाम एका रुग्णेस भोगावा लागला, म्हणून हा विषय मांडण्याचे योजिले.

बाजारातील आहारनोंदीची ॲप्स स्थूलमानाने दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार आकड्यांचा. खाल्लेला प्रत्येक पदार्थ व त्याचे प्रमाण नोंदवावयाचे. ॲप उष्मांक, प्रथिने, कर्बोदके व स्निग्धांश यांची बेरीज करून देते. अमेरिकेत २००५ मध्ये सुरू झालेले मायफिटनेसपॅल, कॅनडातील क्रोनोमीटर आणि बंगळुरू येथे २०१२ मध्ये स्थापन झालेले हेल्दीफायमी ही या वर्गातील परिचित नावे. दुसरा प्रकार सवयींचा. २००८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेले नूम हे त्याचे ठळक उदाहरण. त्यात रोज छोटे पाठ वाचावयाचे असतात. पदार्थांना उष्मांकांच्या घनतेनुसार रंग दिलेले असतात. आणि खाण्याची इच्छा केव्हा व कशामुळे होते हे रुग्णाने स्वतः ओळखावे यावर भर असतो. ही विभागणी अर्थातच काटेकोर नाही. नूममध्येही जेवणाची नोंद असतेच आणि हेल्दीफायमीतही आहारतज्ज्ञांचा सल्ला मिळतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायातील आठ आहारविधिविशेषायतने आपणा सर्वांस मुखोद्गत आहेत. त्यांतील राशी ही सर्वग्रह व परिग्रह अशी दुहेरी सांगितली आहे : संपूर्ण आहाराचे एकत्र प्रमाण आणि एकेका द्रव्याचे वेगळे प्रमाण. आकड्यांचे ॲप म्हणजे जवळजवळ केवळ हीच राशी होय. सवयींचे ॲप उपयोगसंस्था व उपयोक्ता या अखेरच्या दोन आयतनांच्या आसपास फिरते. उरलेल्यांचा विचार दोहोंत तुटपुंजाच. रात्रीचे दही व दुपारचे दही ॲपच्या हिशेबी सारखेच. दूध आणि मासे एकत्र खाल्ले तरी त्याला प्रथिनांची उत्तम बेरीज दिसते! तेव्हा निवडीपूर्वीचा आपला प्रश्न असा असावा की, या रुग्णाचा दोष राशीत आहे की खाण्याच्या रीतीत?

हा प्रश्न मी ज्या रुग्णेबाबत विचारला नाही, ती चोविशीतील तरुणी होती. स्थौल्य व अनियमित मासिक पाळी ही तक्रार. हुशार, शिस्तप्रिय. मीच तिला उष्मांक मोजण्याचे ॲप सुचविले. तिने दिवसाला १२०० चे लक्ष्य ठरविले व मी त्यास संमती दिली. पहिल्या महिन्यात तीन किलो वजन उतरले. मी कौतुक केले. तिसऱ्या महिन्यात पाळी पूर्णच थांबली, केस गळू लागले, मलावष्टंभ व निद्रानाश सुरू झाला. वातप्रकोपाची लक्षणे समोर असूनही माझे लक्ष वजनाच्या उतरत्या आलेखाकडे होते. मग तिची आई एकटीच भेटावयास आली. चुलतबहिणीच्या लग्नात मुलगी पंगतीतून उठून गेली होती, कारण वाढलेल्या मसालेभाताचे वजन तिला ठाऊक नव्हते. “डॉक्टर, ती आता ताटात बघत नाही, मोबाईलमध्येच बघते,” असे त्या म्हणाल्या.

मात्रा अग्निबलावर अवलंबून असते, हे सूत्रस्थानाच्या मात्राशितीय अध्यायात आपण शिकतो. मी ती एका यंत्राच्या लक्ष्यावर सोपविली होती. ॲप बंद केले, मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेतली. पाळी पूर्ववत होण्यास सहा महिने लागले. आहारविकृतीने ग्रस्त १०५ व्यक्तींचा एक अभ्यास २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे ७५ टक्के व्यक्तींनी मायफिटनेसपॅल वापरले होते, आणि वापरणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांना आपल्या विकारास त्याचा हातभार लागला असे वाटत होते. ॲपमुळेच विकार होतो असे यातून सिद्ध होत नाही. परंतु कृश होण्याचा ध्यास, जेवण टाळणे, वजनाविषयीची भीती यांची चौकशी केल्याविना मोजणीचे साधन हाती देऊ नये, एवढे मला पुरेसे पटले.

याच्या उलट उदाहरणही आहे. इन्सुलिन घेणारे बावन्न वर्षांचे एक दुकानदार परदेशस्थ कन्येच्या आग्रहाने सवयींचे ॲप वापरीत. पाठ नेमाने वाचीत, सावकाश जेवीत, तरी जेवणानंतरची रक्तशर्करा उतरत नसे. आठवडाभर वाटी व तराजू घेऊन मोजल्यावर कारण सापडले. दोन पोळ्यांवर तीन वाट्या भात, दोन उपवासांना साबुदाणा. आणि औषध म्हणून घेतलेल्या च्यवनप्राशाची तर नोंदच नव्हती. येथे दोष राशीत होता व मोजणी हाच उपाय होता. मूत्रपिंडाच्या रुग्णास पोटॅशियमवर लक्ष ठेवावयाचे असेल, तर सूक्ष्म पोषकद्रव्यांचा तपशील देणारे क्रोनोमीटर अधिक उपयोगी. मात्र रात्री दूरदर्शनसमोर फरसाणाचा डबा रिकामा करणाऱ्यास त्या फरसाणाचे उष्मांक सांगून काय साधणार? त्यास सवयींचे साधन द्यावे आणि आपल्या पादांशिक क्रमाची जोड द्यावी.

च्यवनप्राशाचा उल्लेख औषधालयचालकांसाठी विशेषत्वाने केला आहे. अवलेह, शतावरी कल्प यांत शर्करा हा प्रमुख घटक असतो. आसवारिष्टांतही गूळ वा साखर असते. रुग्ण ‘औषध’ म्हणून ती नोंदीबाहेर ठेवतो. एक चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, तुपाच्या अनुपानाचे ४५ उष्मांक होतात. हे विकताना सांगितले तर विक्री घटेल, ही भीती मला अनाठायी वाटते.

आकड्यांवर विश्वास किती ठेवावा? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ खाद्यद्रव्यांची पोषणमूल्ये प्रसिद्ध केली. परंतु ती प्रामुख्याने कच्च्या द्रव्यांची आहेत. आपल्या घरची आमटी किती पातळ, फोडणीत तेल किती, हे कोणत्याही कोष्टकात सापडणार नाही. मायफिटनेसपॅलमधील बऱ्याच नोंदी तर वापरणाऱ्यांनीच भरलेल्या आहेत. शिवाय मनुष्य कमी सांगतो. १९९२ च्या एका गाजलेल्या अमेरिकन अभ्यासात वजन न घटणाऱ्या स्थूल व्यक्तींनी आपला आहार प्रत्यक्षाहून सरासरी ४७ टक्के कमी नोंदविला होता. त्यामुळे आकडा त्याच रुग्णाच्या मागील आठवड्याशी ताडून पाहण्यापुरताच घ्यावा.

आणखी दोन अभ्यास एकत्र वाचण्यासारखे आहेत. २००८ मध्ये सुमारे १७०० व्यक्तींच्या अभ्यासात रोज आहार लिहिणाऱ्यांचे वजन न लिहिणाऱ्यांच्या दुप्पट घटले. २०१४ मध्ये लॉस एंजेलिस येथे २१२ रुग्णांच्या अभ्यासात मात्र मायफिटनेसपॅल दिलेल्या व न दिलेल्या गटांत सहा महिन्यांनंतर लक्षणीय फरक आढळला नाही. बहुतेकांनी पहिल्या महिन्यानंतर वापर जवळजवळ सोडला होता. पहिल्या अभ्यासातील मंडळी नियमित गटबैठकांना जात, त्यांच्या नोंदीविषयी कोणीतरी विचारीत असे. माझ्या मते खरा फरक येथेच आहे. जी नोंद वैद्य वाचणार नाही, ती करावयास सांगूच नये.

शुल्काविषयी रुग्णास सावध करावे. आपोआप नूतनीकरण होणाऱ्या वर्गणीच्या दाव्यात नूमने २०२२ मध्ये ६ कोटी २० लाख डॉलरची तडजोड मान्य केली. गोपनीयतेचे म्हणावे तर २०१८ मध्ये मायफिटनेसपॅलच्या सुमारे १५ कोटी खात्यांची माहिती चोरीस गेली होती.

आता मी कोणतेही ॲप सुचविण्यापूर्वी रुग्णास साधी वही देतो. सात दिवस जेवणाची वेळ, त्याआधी भूक होती की नाही, काय खाल्ले व कोणाबरोबर, एवढेच लिहावयाचे. आठव्या दिवशी आम्ही ती एकत्र वाचतो व त्यानंतर ॲप ठरवितो. निम्म्या रुग्णांना त्याची गरजच उरत नाही. उपरोक्त तरुणी अद्याप वहीच वापरते. तिच्या वहीत वजनाचा रकाना नाही.